घरचं माणूस मोजत नाहीत

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी बस हमरस्त्यावरच्या थांब्यावरून सुटली, तेव्हा आई बसमध्ये नव्हती. हे कुणाच्या लक्षात यायला आणखी चाळीस मिनिटं लागली.

बस सोडण्याचा इशारा तिच्या नवऱ्यानंच दिला होता. ते त्या बसचे कोणी नव्हते, बाकीच्यांसारखेच प्रवासी होते. पण त्यांनी सारी नोकरी सरकारी बसवर कंडक्टर म्हणून केलेली, आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी गल्लीत सगळे त्यांना कंडक्टरच म्हणत. घरात त्यावरून थट्टा चालायची. जेवायला बसताना सासरे नातीला “पुढे सरका, पुढे जागा आहे” म्हणतात, असं जावई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. जावई लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होते. “मी माणसं उभी नेतो, सासरे आडवी न्यायचे. खानदानी धंदा आहे,” हा त्यांचा ठरलेला विनोद.

सहल आईसाठी होती. दोन वर्षांपासून ती विसरत चालली होती. आधी दूध उतू गेलं, मग गॅस चालू राहिला, मग एका सकाळी तिनं नातीला “तू कुणाची गं?” असं विचारलं. नात आठ वर्षांची. सदानकदा काहीतरी कुरतडत असते म्हणून तिला सगळे खारूताई म्हणत. “आजी, मी तुझीच,” असं म्हणून ती पुन्हा खायला लागली, पण आईची मुलगी स्वयंपाकघरात जाऊन रडली. डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, “त्यांना काही दाखवायचं राहिलं असेल, कुठं न्यायचं राहिलं असेल, तर आता थांबू नका.”

आईनं समुद्र पाहिला नव्हता.

या घरात सहल अशी कधी झालीच नव्हती. लोकांच्या सुट्ट्या सुरू झाल्या की कंडक्टरच्या सुट्ट्या रद्द होत, कारण जादा गाड्या सुटत. त्यावर आईनं तरुणपणीच तोडगा काढला होता. एखाद्या रविवारी ती डबा घेऊन आगारात यायची आणि नवऱ्याच्याच बसमध्ये बसायची. मागच्या दारापाशी एकटं सीट असतं, ते तिचं. शेवटच्या थांब्यावर झाडाखाली दोघं जेवायची आणि त्याच गाडीनं परत यायची. कंडक्टरच्या बायकोला पास असतो, त्यामुळे तिकिटाचा प्रश्न नव्हता. कुठल्याही गाडीवर चढली तरी “बिल्ला चारशे बारा” एवढा नवऱ्याचा नंबर सांगितला की बास. आता तिला मुलीचा फोन नंबर आठवत नसे, घराचा मजला आठवत नसे. बिल्ला आठवत असे.

समुद्रावरची खोली चार दिवसांसाठी घेतली होती. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी रेल्वेचा निरोप आला की पावसानं रूळ खचलेत, गाडी रद्द. जावयांनी धावपळ करून खासगी बसची पाच तिकिटं मिळवली. सकाळी सहाला निघालेली ती बस साडेदहाच्या सुमारास हवेची नळी फुटून रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

“मी म्हटलं होतं, सरकारी गाडीनं जाऊ,” कंडक्टर म्हणाले.

“बाबा, सरकारी गाडी आठवड्यातून दोनदा जाते,” मुलगी म्हणाली.

“पण जाते.”

जावई हसले. आईही हसली. तिला विनोद कळला होता की सगळे हसले म्हणून ती हसली, हे सांगता येणार नाही. मधूनमधून ती विचारत होती, “आलं का?” आणि कंडक्टर दर वेळी नव्यानं सांगत होते, “येईल. पुढचा स्टॉप.”

बदली बसची वाट बघण्याच्या दोन तासांत कंडक्टर बदलून गेले. हे पुढं मुलीनं सांगितलं. वर्षानुवर्षं खुर्चीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकणारा माणूस उन्हात उभा राहून लोकांना सावलीत बसवत होता. काठीवाल्या आजोबांना स्वतःची बॅग बसायला दिली. चिडलेल्या एका बाईंना समजावलं, “ताई, ड्रायव्हरवर ओरडून नळी जोडली जात नाही, नाहीतर मीही ओरडलो असतो.” नुकतं लग्न झालेलं एक जोडपं भांडायला लागलं, तर त्यांना म्हणाले, “आत्ताच सगळं भांडू नका, परतीचा प्रवास आहे.” लोक त्यांना “मास्तर” म्हणायला लागले. बदली बस आली तेव्हा नवा ड्रायव्हर एकटाच होता, सोबत क्लीनर नव्हता. त्यानं विचारलं, “किती माणसं आहेत?” कुणी काही बोलायच्या आत कंडक्टर म्हणाले, “एकवीस. आणि आम्ही घरचे पाच.”

हा हिशेब कंडक्टर लोकांचा आहे. वाटेत तपासनीस चढला की तो डोकी मोजतो आणि तिकिटांशी ताडून बघतो. म्हणून कंडक्टरच्या मनात कायम एकच आकडा असतो, तिकीट काढलेल्यांचा. आपल्या घरचं कुणी पासवर बसलं असेल तर त्याला त्यात धरायचं नाही. धरलं की ताळा चुकतो. नवा मुलगा कामावर लागला की जुने लोक त्याला पहिल्या आठवड्यात सांगतात: घरचं माणूस मोजत नाहीत.

बदली बसमध्ये या पाच जणांना एकत्र जागा मिळाली नाही. खारूताईला बस लागत होती, म्हणून मुलगी तिला घेऊन पुढं ड्रायव्हरच्या मागं बसली. जावई सामानासकट शेवटच्या बाकावर. आई मधल्या रांगेत खिडकीशी, शेजारी कंडक्टर. बसमध्ये एसीचा गारठा होता. खारूताई कुडकुडायला लागली तेव्हा आईनं आपला राखाडी स्वेटर काढून पुढं पाठवला. स्वेटरच्या खिशात मुलीनं एक चिठ्ठी ठेवली होती, नाव, पत्ता, दोन फोन नंबर. आईचा फोन आधीपासून मुलीच्या पर्समध्ये होता, कारण आई दिसेल तो नंबर लावायची.

दीडच्या सुमारास बस थांब्यावर लागली. हॉटेल, शेजारी पेट्रोलपंप, मागं स्वच्छतागृहं. मुलीनं आईला हाताला धरून मागं नेलं. दारातच खारूताईला उलटी झाली. पोरीचे कपडे भरले, सँडल भरले, ती भोकाड पसरून रडायला लागली. त्याच वेळी कंडक्टर हात पुसत समोरून आले.

“बाबा, आई आत गेली आहे. तिच्याकडे लक्ष ठेवा, मी हिचे कपडे बदलते.”

“हो, हो. तू जा.”

एवढंच बोलणं झालं. मुलीनं ते नंतर पोलिसांना शब्दशः सांगितलं, आणि कंडक्टरनीही मान्य केलं.

ते दारापाशी उभे राहिले. किती वेळ, हे त्यांना सांगता येत नाही. मग ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. आधीच उशीर झालेला, त्याला संध्याकाळच्या आत समुद्र गाठून दुसरी फेरी करायची होती. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढून हाक मारली, “मास्तर! अहो मास्तर! गोळा करा की जरा तुमची माणसं!”

तुमची माणसं म्हणजे त्याला सगळे प्रवासी म्हणायचे होते. कंडक्टर गेले. हॉटेलात जाऊन त्यांनी चहा घेणाऱ्यांना उठवलं, पंपामागं सिगारेट ओढणाऱ्या दोघांना आणलं, काठीवाल्या आजोबांना पायरी चढायला हात दिला. मग बसमध्ये चढून प्रत्येक सीटच्या पाठीला हात लावत मागपर्यंत गेले. मुलगी खाली वाकून पोरीचे पाय पुसत होती. तिच्या सीटला त्यांनी हात लावला नाही. शेवटच्या बाकावर जावई तोंडावर रुमाल टाकून झोपले होते. त्यांनाही सोडलं. स्वतःच्या सीटपाशी ते थांबले नाहीत. एकवीस झाले.

“सगळे?” ड्रायव्हरनं विचारलं.

“सगळे.”

दारापाशी येऊन त्यांनी पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि म्हणाले, “जाऊ द्या.” बस निघाली. ते तिथंच, दारालगतच्या दांड्याला धरून उभे राहिले. “बाबा किती खुशीत दिसत होते,” मुलगी म्हणाली. “मला वाटलं, आई मागं असेल, सीटवर. मी वळून बघितलं नाही. म्हटलं, राहू दे त्यांना उभं.” जावई जागे झाले तेव्हा त्यांना वाटलं, सासूबाई पुढं लेकीजवळ बसल्या असतील.

पावणेतीन उलटून गेल्यावर खारूताईला बरं वाटलं. तिनं बिस्किटं मागितली. बिस्किटं आजीच्या पिशवीत होती. ती सीटांना धरत धरत मधल्या रांगेपर्यंत गेली, आणि पिशवी तशीच हातात घेऊन परत आली.

“आबा, आजी कुठाय?”

कंडक्टरनी मधल्या रांगेकडे पाहिलं. मग पुढच्या सीटकडे. मग त्यांनी जे केलं ते सगळ्या प्रवाशांनी पाहिलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. प्रत्येक सीटला हात लावत ते मागपर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, “एकवीस बरोबर आहेत.”

“बाबा, आई!”

“एकवीस बरोबर आहेत गं.”

“तुम्ही आईला मोजलं नाहीत?”

त्यांचे फक्त ओठ हलले. मुलीनं ते वाक्य लहानपणापासून घरात ऐकलं होतं, तिला पुढं विचारावं लागलं नाही.

रस्त्याच्या मधोमध दुभाजक होता, वळायची जागा टोलनाक्यापाशीच. बस तिथं थांबली. परत सगळ्यांनी जावं की नाही यावर बसमध्ये कुजबुज झाली. मघाशी चिडलेल्या बाई म्हणाल्या, “आमच्या बुकिंगचं काय?” आणि त्यांचं त्यांनाच लाजल्यासारखं झालं. काठीवाले आजोबा म्हणाले, “जाऊ या की मागं. मला काय घाई आहे?” ड्रायव्हर गाडी वळवायला तयार नव्हता. मालकाशी फोनवर बोलून त्यानं नकार पक्का केला. शेवटी जावई खारूताईला आणि सामानाला घेऊन टोलनाक्यावरच्या पोलीस चौकीत उतरले. कंडक्टर आणि मुलगी भाजीचे रिकामे क्रेट घेऊन उलट्या दिशेला चाललेल्या टेम्पोत बसले.

टेम्पोत तिघं दाटीवाटीनं होते. मुलीनं त्या हॉटेलचा फोन नंबर शोधून लावला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. टेम्पोवाल्याला काही माहीत नव्हतं, त्यानं सहज विचारलं, “काय विसरलं?”

“आई,” मुलगी म्हणाली.

त्यानं वेग वाढवला.

बऱ्याच वेळानं कंडक्टर म्हणाले, “तिथंच बसली असेल ती. सांगितल्याशिवाय हलत नाही कधी.”

“तुम्ही तिला थांबायला सांगितलं होतंत का?”

“नाही.”

“मग?”

“आजपर्यंत कधी सांगावं लागलं नाही.”

मुलगी खिडकीबाहेर बघत होती. “चिडू नकोस,” ते म्हणाले. “चिडत नाहीये,” ती म्हणाली. ती चिडली होती. नंतर तिनं मुद्दाम सांगितलं की ती त्या वेळी चिडली होती, आणि त्याचंच तिला आता सगळ्यात जास्त लागतं.

चारच्या आत ते थांब्यावर पोचले. स्वच्छतागृहं रिकामी होती. हॉटेलच्या गल्ल्यावरच्या माणसाला काही आठवत नव्हतं, दिवसाला शंभर गाड्या लागतात म्हणाला. पंपावरच्या पोरांनीही माना हलवल्या. सगळं कळलं ते स्वच्छतागृहाची झाडलोट करणाऱ्या बाईंकडून. त्या मागच्या ओट्यावर बसून जेवत होत्या. मुलीनं वर्णन सांगितलं, तशा त्यांनी घास खाली ठेवला.

“निळ्या साडीच्या? पांढरा अंबाडा? होत्या की. इथं माझ्याजवळच बसल्या होत्या.”

“किती वेळ?”

“झाला बराच. मी म्हटलं, मावशी, तुमची गाडी गेली वाटतं. तर म्हणाल्या, जाईल कशी? आमचे हे गाडीवर आहेत. मला घेतल्याशिवाय घंटी मारायचे नाहीत.”

कंडक्टर ओट्याच्या कडेला बसले.

“घाबरल्या नव्हत्या हो अजिबात,” बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं आपण धीर देतोय. “उलट मलाच विचारत होत्या, तुझे मालक काय करतात, मुलं किती. पाणी दिलं, प्यायल्या. मग सरकारी गाडी आली. कंडक्टर उतरला, बाटल्या भरून घेतल्या, वर चढला आणि दिली की डबल बेल. तर या उठल्या. म्हणाल्या, चल बाई, आले आमचे. आणि गेल्या चढून.”

“त्यानं घेतलं?” मुलीनं विचारलं. “काही विचारलं नाही?”

“हात देऊन वर घेतलं. मला वाटलं, हेच त्यांचे. लांबून मला काय कळतंय? टोपी, खाकी कपडे. मला वाटलं, बरं झालं, आला नवरा.”

“कुठली गाडी? पाटी बघितली?”

“मला वाचता येत नाही, ताई.”

गाडी कुठल्या दिशेला गेली, हे त्यांना सांगता आलं. पंपापुढून डावीकडे एक फाटा डोंगरात चढतो. गाड्या त्यावरून जातात, सरळही जातात. ही डावीकडे वळली.

यापुढचा तास-दीड तास कंडक्टर फोनवर होते. त्या भागातल्या आगारात त्यांच्या ओळखीचं कुणी उरलेलं नव्हतं. पण आपलं नाव आणि बिल्ला नंबर सांगितल्यावर तिथला वाहतूक नियंत्रक उठून उभा राहिला असावा, असं मुलीला त्याच्या आवाजावरून वाटलं. त्या वेळात त्या थांब्यावरून डोंगराकडे तीन गाड्या गेल्या होत्या. नियंत्रकानं तिन्हींच्या तिकीट मशीनची नोंद पाहिली.

“काका, त्या थांब्यावरून एकाही गाडीत तिकीट निघालेलं नाही.”

“निघणार नाही,” कंडक्टर म्हणाले. “ती बिल्ला नंबर सांगेल.”

“मग आमच्या पोरांनी विचारलं नसेल,” नियंत्रक म्हणाला. “स्टाफच्या घरचं माणूस म्हटल्यावर कोण विचारतंय?”

पहिल्या गाडीच्या कंडक्टरनं सांगितलं, आपल्या गाडीत अशी कुणी बाई नव्हती, थांब्यावर आपण उतरलोही नव्हतो. दुसरी गाडी शेवटच्या गावाला पोचून परत फिरली होती. तिच्या कंडक्टरला एक म्हातारी आठवत होती, पण ती मुलाबरोबर होती आणि बाजाराच्या गावी उतरली. तिसरी मुक्कामी गाडी. म्हणजे ती डोंगरातल्या शेवटच्या वस्तीवर रात्री थांबते आणि सकाळी खाली येते. तिच्या कंडक्टरचा फोन लागत नव्हता. चढण सुरू झाली की त्या रस्त्यावर फोन चालत नाहीत.

जावयांनी टोलनाक्यावरून फोन केला. पोलिसांनी माहिती घेतली होती, फोटो मागितला होता. घरच्यांच्या फोनमध्ये आईचे फोटो होते, पण बहुतेकांत ती कडेला, अर्धी. पूर्ण असा एक सापडला तो खारूताईच्या वाढदिवसाचा. त्यात तिच्या डोक्यावर कागदी टोपी होती.

“तोच पाठवला,” जावई म्हणाले. “चेहरा दिसतोय ना, म्हणून. बाबांना सांगू नकोस.” मग म्हणाले, “बाबा कसे आहेत?”

“बसलेत,” मुलगी म्हणाली.

कंडक्टर ओट्यावर होते. झाडलोटीच्या बाईंनी आई कुठं बसली होती ते दाखवलं होतं. ते त्या जागेच्या शेजारी बसले होते, ती जागा सोडून. बाईंनी चहा आणून दिला. तो तसाच होता. मुलगी जवळ आली तेव्हा ते म्हणाले, “एकट्या सीटवर बसली असेल बघ. मागच्या दारापाशी. तिथं वारा लागतो.” थोड्या वेळानं म्हणाले, “स्वेटर नाहीये अंगात.”

मुलीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

डोंगराच्या पायथ्याशी वनखात्याची चौकी आहे. वर जाणारी प्रत्येक गाडी तिथं थांबते आणि कंडक्टर खाली उतरून गाडीत किती माणसं आहेत ते सांगतो. नियंत्रकानं चौकीवर फोन लावला. मुक्कामी गाडी पाच वाजून वीस मिनिटांनी चौकी ओलांडून गेली होती. चौकीदारानं गाडीत डोकावून पाहिलं नव्हतं. पाऊस होता, काचा बंद होत्या. मागच्या दारापाशी कुणी बसलं होतं का, हे तो सांगू शकला नाही. त्याच्याकडे फक्त कंडक्टरनं सांगितलेला आकडा होता. नियंत्रकानं तो फोनवर कळवला तेव्हा सहा वाजत आले होते.

नऊ प्रवासी. मशीनमधून निघालेली तिकिटंही नऊच.